धागा: स्क्वेअर वेव्ह जनरेटर मॉड्यूल कुणी वापरलंय का? फ्लो मीटर तपासायचाय (तासगाव, जि. सांगली)

बागायत_तासगाव
नमस्कार मंडळी. आमची द्राक्षबाग आहे, खरड छाटणी झाली की ड्रिपमधनं खत सोडायचं काम सुरू होतंय आणि वडील वहीत लिहून ठेवतात की कुठल्या प्लॉटला किती लिटर गेलं, पण तो आकडा अंदाजाचाच असतो. म्हणून मी व्हेंच्युरीच्या (ड्रिपमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळीच्या) लायनीवर अर्ध्या इंचाचा वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर (पाणी वाहील तसा पल्स म्हणजे चालू-बंद सिग्नल देणारा) बसवला, त्याची वायर आर्डुइनो उनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) आणली आणि डिस्प्लेवर लिटर दिसतील असं केलं. दिसतात पण चुकीचे. २० लिटरची बादली मोजून भरली तर डिस्प्ले ३७ लिटर म्हणतोय. तीनदा केलं, तीनदा ३७ च्या आसपास.

आता सेन्सर खराब आहे का माझा कोड, हेच कळत नाही. आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती असतंय ते तुम्हाला माहीतच आहे, दर वेळी बादल्या ओतत बसणं जीवावर येतंय. त्यामुळं विचार केला की सेन्सरच्या जागी ठराविक पल्स देणारं काहीतरी, म्हणजे स्क्वेअर वेव्ह जनरेटर लावावं. ८५ रुपयांचं ५५५ वालं (५५५ ही टायमरची आयसी, म्हणजे चिप) ॲडजस्टेबल मॉड्यूल मागवलं. दोन निळे प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचे रेझिस्टर), चार जागी बसणारा एक जंपर (रेंज निवडायची बारकी टोपी), एक एलईडी. त्याला घरातल्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालवून औटपुट थेट उनोच्या पिन २ ला दिलं आणि पिन २ गेली. पिन ३ चालतीय. मी मॉड्यूलवर ५ ते १५ व्होल्ट वाचलं होतं, म्हणून मला वाटलं औटपुट पाचचंच असणार.

मॉड्यूल कामाचं आहे का दुसरं घेऊ? आणि काय मोजू, कसं मोजू ते जरा सविस्तर सांगा.

रेडिओकाका_मिरज
पिन गेली त्याचं वाईट वाटलं, पण कारण सरळ आहे. ५५५ ला जेवढा सप्लाय द्याल जवळजवळ तेवढंच औटपुट वर चढतंय. १२ दिले तर साडेदहाच्या पुढं, आणि उनोच्या पिनला ५ च्या वर अर्धा व्होल्ट सुद्धा जास्त होतो. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालव, उनोच्याच ५ व्होल्टच्या पिनवरनं सप्लाय घे आणि ग्राउंड एक कर. ग्राउंड जोडायचं विसरलास तर रीडिंग भुतासारखं नाचतंय, हे मी चाळीस वर्ष रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत बघत आलोय.

एक लक्षात ठेव. साध्या एनई५५५ चं औटपुट ५ व्होल्ट सप्लायवर पूर्ण पाचापर्यंत जात नाही, साडेतीनच्या आसपास राहतंय. उनोला हाय (म्हणजे चालू) समजायला ३ व्होल्ट लागतात म्हणजे चालेल पण मधलं अंतर कमी आहे. सीमॉस जातीची ५५५ मिळाली, टीएलसी५५५ किंवा एलएमसी५५५, तर ती जवळजवळ पूर्ण वर जाते.

मॉड्यूल बदलू नको. जंपर ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० पल्स) ते १ किलोहर्ट्झच्या रेंजला ठेव. ह्या सेन्सरचा छापील हिशोब असा की मिनिटाला जितके लिटर त्याच्या साडेसात पट हर्ट्झ. म्हणजे मिनिटाला १० लिटरला ७५ हर्ट्झ. तेवढे लाव आणि डिस्प्ले काय म्हणतोय ते सांग. पण ७५ आहेत हे प्रीसेटच्या खुणेवरनं ठरवू नको, तिथं खूणच नसते. हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर आहे का?

विश्रामबाग_ईएनटीसी
दादा मी तर म्हणतो मॉड्यूलची गरजच नाही, दुसरा उनो असेल तर त्यात टोन फंक्शन वापरा, एका ओळीत ७५ हर्ट्झ मिळतात आणि फ्रिक्वेन्सी मॉड्यूलपेक्षा कितीतरी स्थिर. फक्त उनोवर टोन ३१ हर्ट्झच्या खाली जात नाही.

आणि खरं सांगू का, ३७ दाखवतंय ना, मग कोडमध्ये ०.५४ नं गुणून टाका. २० येतील. काम झालं.

रेडिओकाका_मिरज
टोनचं बरोबर सांगितलंस. दुसऱ्या बोर्डावरनं हेही महत्त्वाचं, कारण त्याच बोर्डानं पल्स काढायची आणि त्यानंच मोजायची तर घड्याळ एकच, घड्याळाची चूक दिसणारच नाही.

पण ०.५४ ला माझा ठाम विरोध आहे. ते कुठनं आलं हे आपल्याला माहीत नाही. एका दोषाचं आहे का दोन दोषांची बेरीज आहे, माहीत नाही. उद्या त्यातला एक दोष बदलला तर आकडा परत चुकणार, आणि ह्याचे वडील त्या आकड्यावर खत सोडणार आहेत. आधी शोधूया.

बागायत_तासगाव
काका मीटर आहे, त्याला हर्ट्झ आहे, मी कधी वापरलं नव्हतं. काल रात्री केलं सगळं. मॉड्यूल ५ व्होल्टवर घेतलं, ग्राउंड जोडलं, वायर आता पिन ३ ला. स्क्रू ड्रायव्हरनं अगदी हळूहळू फिरवत ७४.८ हर्ट्झवर आणलं, ७५ च्या बरोब्बर वर काय थांबत नाही, जरा हात लागला की ७६ होतंय. डिस्प्लेवर मिनिटाला १० लिटर यायला पाहिजेत ना, तर तिथं १९.९ येतंय. कॉम्प्युटरवरच्या सीरियल मॉनिटरवर सेकंदाला १४९, १५०, १४९ पल्स.

सातारा_एमआयडीसी_मेंटेनन्स
भावा कोडमध्ये इंटरप्टच्या ओळीत (पल्स आली की मोजणी करवणारी ओळ) चेंज लिहिलंय का बघ. ७४.८ ची दुप्पट १४९.६. बरोब्बर दुप्पट आली की नॉइजचा (वायरीत घुसणाऱ्या फालतू सिग्नलचा) संशय घ्यायचा नाही, नॉइज कधी एवढा हिशोबात येत नाही. चेंज लिहिलं की पल्स चढताना एकदा आणि उतरताना एकदा असं दोनदा मोजलं जातं. रायझिंग कर, म्हणजे फक्त चढताना मोजेल.

आमच्याकडं पीएलसीच्या (कारखान्यातली मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) हाय स्पीड काउंटरवर पण अशीच गोष्ट होते, एन्कोडरची (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची) एक कडा मोजायची का दोन का चार हे सेटिंग कुणीतरी बदलतं आणि कन्व्हेअरची लांबी दुप्पट दिसाय लागते. अशा वेळी खिशात ठेवलेलं पल्स जनरेटर लय उपयोगी पडतं. माझ्याकडं ५५५ वालं पण आहे आणि डिस्प्लेवालं एक्सवाय-एलपीडब्ल्यूएम पण. त्यात बटणानं फ्रिक्वेन्सी आणि ड्यूटी (एका फेऱ्यात औटपुट किती वेळ चालू राहतं तो वाटा) वेगवेगळी लावता येते, १ हर्ट्झ ते १५० किलोहर्ट्झ, ३.३ ते ३० व्होल्टवर चालतं त्यामुळं २४ व्होल्टच्या पॅनलवर सरळ लागतं. ५५५ वालं तिथं चालत नाही, १५ च्या वर दिलं की गेलं.

तरी स्टेपर मोटर (दर पल्सला एक पाऊल फिरणारी) तपासायला मी अजून ५५५ च घेतो. ड्रायव्हरच्या स्टेप पिनला लावायचं आणि प्रीसेट हळूहळू फिरवत वेग वाढवायचा. नेहमीच्या २०० पावलांच्या मोटरला १६ मायक्रोस्टेपवर (एका पावलाचे १६ भाग) एका फेऱ्याला ३२०० पल्स लागतात, म्हणजे १६०० हर्ट्झला मोटर मिनिटाला ३० फेरे. एकदम मोठ्या फ्रिक्वेन्सीवर चालू केली तर मोटर जागेवर गुरगुरत बसते, हळू चढवली की उचलते. बटण दाबून दाबून ते चढवणं नीट जमत नाही, स्क्रू फिरवून हाताला जमतं.

बागायत_तासगाव
दादा लय उपकार झाले. चेंजच होतं!! कुठल्यातरी व्हिडिओखालचा कोड घेतला होता. रायझिंग केलं, आता ७५, ७५, ७४, ७५ येतंय आणि डिस्प्ले मिनिटाला १० लिटर.

मग आनंदात सेन्सर परत जोडला, बादली भरली. २० लिटरला १८.५. म्हणजे अजून चुकतंयच, फक्त आता कमी दाखवतंय.

रेडिओकाका_मिरज
आता तुझ्या लक्षात येईल मी ०.५४ ला का अडवत होतो. दोन दोष होते. एक तुझ्या मोजण्यात, दुप्पट. दुसरा सेन्सरचा स्वतःचा. जनरेटरनं पहिला दोष वेगळा काढून दाखवला. बोर्ड ७५ ला ७५ म्हणतोय हे आता पक्कं, म्हणजे उरलेली चूक सेन्सरचीच.

छापील हिशोबानं लिटरला ४५० पल्स. १८.५ लिटर गुणिले ४५० म्हणजे ८३२५ पल्स, आणि खरं पाणी गेलं २० लिटर. ८३२५ भागिले २० केलं की ४१६. तुझ्या सेन्सरचा खरा आकडा लिटरला ४१६. हे सेन्सर ५-१० टक्के इकडं तिकडं असतात, त्यात खराबी काय नाही. पण एकाच बादलीवर ठरवू नको. एक नळ पूर्ण सोडून, एक मध्यम, एक अगदी बारीक धारेवर अशी तीन वेळा कर आणि लिटर न बघता नुसते पल्स लिहून काढ. पाणी परत टाकीत ओत, वाया जाऊ देऊ नको.

कोरेगाव_विज्ञानशिक्षक
धागा वाचतोय, फार उपयोगी चाललाय. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलींनी ५५५ आणि सीडी४०१७ (दर पल्सला पुढचं औटपुट चालू करणारी आयसी) वर पळते दिवे केलेत, त्याला क्लॉक म्हणून हेच मॉड्यूल वापरलंय. मुली विचारतात, सर एक प्रीसेट फ्रिक्वेन्सीचा आणि दुसरा ड्यूटीचा असं लिहिलंय, मग ड्यूटीचा फिरवला की दिव्यांचा वेग का बदलतो? मला त्यांना खरं उत्तर द्यायचंय, पाठ केलेलं नको.

रेडिओकाका_मिरज
सर, मुलींनी अगदी मर्मावर बोट ठेवलंय. त्यांना सर्किट असं सांगा.

आयसीच्या आत सप्लाय ते ग्राउंड अशी सारख्याच तीन रेझिस्टरची साखळी आहे, प्रत्येकी ५ किलोओहमची. त्यामुळं दोन खुणा तयार होतात, सप्लायचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. बाहेरचा कपॅसिटर भरत भरत वरच्या खुणेला पोचला की औटपुट खाली येतं आणि सातव्या पिनमधनं कपॅसिटर रिकामा व्हाय लागतो. खालच्या खुणेला आला की परत भरणं सुरू. एवढंच. टाकीतला फ्लोट जसा वर पोचला की मोटर बंद आणि खाली गेला की चालू, तसं.

आता भरताना करंट दोन्ही रेझिस्टरमधनं येतो, रिकामा होताना फक्त दुसऱ्यामधनं जातो. दुसरा रेझिस्टर दोन्ही वाटांवर आहे. म्हणून तो बदलला की चालू वेळ पण बदलते आणि बंद वेळ पण. पहिला बदलला तर नुसती चालू वेळ बदलते, पण चालू आणि बंद मिळूनच एक फेरा होतो, त्यामुळं फेऱ्याची लांबी म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारच. दोन्ही प्रीसेट दोन्ही गोष्टींना हात लावतात, नावं फक्त सोयीची आहेत. आधी ड्यूटी लावायची, मग फ्रिक्वेन्सी, मग परत ड्यूटी, असं दोन-तीनदा फिरवून आणावं लागतं.

सूत्र मुलींना फळ्यावर करून दाखवा. फ्रिक्वेन्सी म्हणजे १.४४ भागिले, पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट, गुणिले कपॅसिटर. पहिला १ किलोओहम, दुसरा ९.१ किलोओहम, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड घेतला की बेरीज १९.२ किलोओहम आणि उत्तर बरोब्बर ७५ हर्ट्झ, म्हणजे वरच्या बागायतदाराचाच आकडा. चालू वेळेचा वाटा १०.१ भागिले १९.२, म्हणजे साडेबावन्न टक्के. ह्या साध्या जोडणीत तो कधीच ५० च्या खाली येत नाही, कारण भरायच्या वाटेवर नेहमी एक रेझिस्टर जास्त असतो. दुसऱ्या रेझिस्टरला आडवा १एन४१४८ डायोड टाकला की भरताना करंट डायोडमधनं निसटतो, मग खाली येतो.

अजून एक सुंदर गोष्ट आहे त्यात. दोन्ही खुणा सप्लायच्या हिश्श्यात आहेत, त्यामुळं सप्लाय ५ चा ९ केला तरी फ्रिक्वेन्सी जवळपास तीच राहते. मुलींना ९ व्होल्टच्या बॅटरीवर आणि ५ व्होल्टवर दोन्हीकडं मोजून दाखवा, त्यांना पटेल. हान्स कॅमेन्झिंड नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९७१ ला ही आयसी सिग्नेटिक्स कंपनीसाठी काढली, १९७२ पासनं बाजारात आहे. तीन ५के वरनं ५५५ नाव पडलं असं आपल्याकडं सगळे सांगतात, पण त्यांनी स्वतः ते खरं नाही म्हणून सांगितलंय.

कोरेगाव_विज्ञानशिक्षक
काका, टाकीच्या फ्लोटचं उदाहरण वर्गात सांगितलं. एका मुलीनं लगेच विचारलं, म्हणजे पाइप मोठा केला की टाकी लवकर भरते तसा रेझिस्टर कमी केला की का? मनापासून आभार.

तंतुवाद्य_मिरज
मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, आमचं तानपुऱ्याचं काम. पण ज्यांच्याकडं हर्ट्झवाला मीटर नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉड्यूलच्या औटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत लावून छोटा स्पीकर जोडा, आणि मोबाइलवर ट्यूनर ॲप उघडा. ते हर्ट्झमध्ये आकडा दाखवतं. मी भाच्याच्या मॉड्यूलवर काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा स्वर) लावून बघितली, २७७ हर्ट्झ. मग ॲप बाजूला ठेवून आमच्या तारेशी जुळवून ऐकली, ठोके ऐकू येतात, वाँ वाँ वाँ असे, आणि प्रीसेट फिरवत ठोके थांबले की दोन्ही एक झाले. कानानं एका हर्ट्झच्या आतला फरक कळतो.

आवाज मात्र फार टोकदार येतो, सनईच्या अंगानं जाणारा.

रेडिओकाका_मिरज
वा! ठोक्यांची पद्धत मीटरपेक्षा बारीक आहे. टोकदार आवाजाचं कारण म्हणजे स्क्वेअर वेव्हमध्ये मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषमच स्वर असतात, तिप्पटवाला एक तृतीयांश जोराचा, पाचपटवाला एक पंचमांश.

विश्रामबाग_ईएनटीसी
मी पण एक मॉड्यूल आणलं. कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (आवाज आत घ्यायच्या सॉकेटला) डिव्हायडर करून, म्हणजे रेझिस्टरनं व्होल्टेज कमी करून जोडलं आणि साउंडकार्डवाल्या स्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) ७५ हर्ट्झ बघितलं तर वरची रेघ सपाट नाही, तिरकी उतरती दिसतीय. कॉलेजच्या खऱ्या स्कोपवर तेच मॉड्यूल एकदम सपाट. साउंडकार्डच्या तोंडाशी कपॅसिटर असतो त्यामुळं कमी फ्रिक्वेन्सीला असं होतं हे नंतर कळलं. कुणाला तिरकं दिसलं तर मॉड्यूल परत पाठवू नका.

आणि ०.५४ वालं मी मागं घेतो. काका बरोबर होते.

बागायत_तासगाव
तीन बादल्या झाल्या. २० लिटरला पल्स अशा:
पूर्ण सोडून ८३२५, मध्यम ८२९०, बारीक धार ८०१०.
बारीक धारेला लिटरला ४०० च पडतात. कोडमध्ये ४१५ टाकले, कारण व्हेंच्युरी चालू असताना मिनिटाला १० च्या आसपास जातं, तिथं हे बरोबर बसतंय.

आता बागेत नवीनच त्रास. बोर्ड शेडमध्ये आहे आणि सेन्सर ६० फुटावर. व्हेंच्युरीचा कॉक बंद, पाणी जातच नाही, पण मोटर चालू केली की डिस्प्लेवर आकडा सरकतोय, दहा मिनिटात दोन लिटर. मी जनरेटर घेऊन सेन्सरच्या टोकाला गेलो, सेन्सर काढून तिथं मॉड्यूल लावलं, ७५ हर्ट्झ, मोटर चालू. आणि शेडमध्ये येऊन बघतोय तर ७५, ७५, ७५! मोटर बंद केली तरी ७५. म्हणजे वायर चांगली आहे ना? मग आकडा सरकतोय कशामुळं? वडील म्हणाले सेन्सर बदल. तीन दिवस ह्याच्यावर डोकं लावतोय.

सातारा_एमआयडीसी_मेंटेनन्स
सेन्सर बदलू नको, थांब. हा चकवा मी स्वतः खाल्लाय आणि त्यात माझी एक आख्खी नाइट शिफ्ट गेली होती.

५५५ चं औटपुट दोन्ही बाजूंनी दांडगं असतं. वर पण ओढतं आणि खाली पण, शे-दोनशे मिलिअँपिअर देण्याची ताकद. मोटरच्या केबलमधनं तुझ्या वायरीत जो नॉइज येतो त्याला ते जागच्या जागी दाबून टाकतं. तुझा हॉल सेन्सर (फिरत्या चुंबकावरनं पल्स देणारा) तसा नाही. असे बरेच सेन्सर ओपन कलेक्टर असतात, फक्त खाली ओढायची ताकद असते, वर ओढायचं काम रेझिस्टरचं. तू उनोचा आतला पुलअप (तोच वर ओढणारा रेझिस्टर) वापरलाय का? तो २० ते ५० किलोओहमचा असतो, एवढ्या कमजोर ओढीवर ६० फूट वायर म्हणजे नॉइजला मोकळं रान. जनरेटरनं वायर बरोबर ठरवली नाही, नॉइज झाकला.

म्हणून जनरेटरला सेन्सरसारखं कमजोर कर. बीसी५४७ ट्रान्झिस्टर घे. मॉड्यूलचं औटपुट १० किलोओहममधनं बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर तुझ्या सिग्नलच्या वायरीला. बस. आता ते फक्त खाली ओढेल, सेन्सर करतो तसंच. परत त्याच टोकाला लाव आणि मोटर चालू कर.

बागायत_तासगाव
दादा. मोटर बंद, ७५. मोटर चालू, ७९, ८३, ७८, ८१. लगेच दिसलं!! आतला पुलअपच वापरला होता मी. आणि वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातनं नेलीय.

एक शंका आहे. मधल्या वेळेत दुपारी शेडमध्ये मोटर बंद असताना पण ७९ दिसाय लागले आणि मी घाबरलो, मग मीटर लावला तर जनरेटरच ७९ देत होता. रात्री ७४.८ ला ठेवलेला. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलचं ऊन, हात लावू देत नाही पत्रा.

रेडिओकाका_मिरज
कपॅसिटरमुळं. स्वस्त मॉड्यूलवर चकतीसारखे बारके सिरॅमिक कपॅसिटर असतात, त्यातले हलक्या जातीचे तापले की त्यांची क्षमता घटते. क्षमता घटली की फ्रिक्वेन्सी चढते. खात्री करायची तर गरम सोल्डरिंग आयर्न कपॅसिटरच्या नुसतं जवळ धर, टेकवू नको, मीटरवर आकडा चढताना दिसेल.

दोन मार्ग. वापरायच्या आधी दर वेळी मीटरनं बघून लाव. नाहीतर साध्या बोर्डावर स्वतःचं बनव, सरांना वर जे आकडे दिलेत तेच, १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कपॅसिटर, डबीसारखा चौकोनी येतो तो. दुसऱ्या रेझिस्टरच्या जागी ६.८ किलोओहम आणि त्याच्या मालिकेत ५ किलोओहमचा प्रीसेट. ५८ ते ९८ हर्ट्झ मिळतील आणि आख्खा स्क्रू तेवढ्यातच फिरेल, त्यामुळं ७५ वर नीट थांबेल. रेडीमेड मॉड्यूलमध्ये ५० ते १००० एकाच प्रीसेटमध्ये कोंबलेत म्हणून तुझा हात लागला की ७६ होत होतं. सप्लायच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरड आणि १० मायक्रोफॅरड लावायचं विसरू नको, साधी ५५५ औटपुट बदलताना सप्लायमधनं एक जोरात घोट घेते, आणि पाचव्या पिनला १० नॅनोफॅरड ग्राउंडकडं.

आणि बोर्डाकडं नॉइजसाठी एवढं कर. बाहेरनं १ किलोओहमचा पुलअप ५ व्होल्टला. मग १ किलोओहम मालिकेत आणि पिनपाशी १०० नॅनोफॅरड ग्राउंडकडं. तुझा सेन्सर जास्तीत जास्त मिनिटाला ३० लिटर म्हणजे २२५ हर्ट्झ देणार, त्याला ह्याचा अडथळा नाही. वायर शील्डवाली (वरनं जाळीचं आवरण असलेली) घे, शील्ड फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड कर, आणि मोटरच्या केबलपासनं लांबनं ने.

बागायत_तासगाव
उशीर झाला, मध्ये लाइट रात्रीची होती आणि झोप नव्हती.

सगळं केलं. नवीन पाइप टाकून वायर बांधाच्या पलीकडनं नेली, दीड दिवस लागला, चुलतभाऊ मदतीला होता. काकांनी सांगितलेलं सर्किट साध्या बोर्डावर केलं, बीसी५४७ सकट, प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं. आयर्नचा प्रयोग मॉड्यूलवर करून बघितला, ७५ चे ८२ झाले, आयर्न लांब नेल्यावर हळूहळू परत खाली. पॉलिएस्टरवालं दुपारी शेडमध्ये ठेवलं, ७४.९ चे ७५.२.

सेन्सरच्या टोकाला डबी लावली, मोटर चालू, ७५. बंद, ७५. वीस मिनिटं बघत बसलो. मग डबी काढून सेन्सर लावला, कॉक बंद ठेवून मोटर तासभर चालवली, डिस्प्लेवर ०.०. मग कॉक सोडला आणि खताची २०० लिटरची टाकी पूर्ण ओढू दिली, डिस्प्लेवर १९८.६.

वडिलांनी वहीत १९८.६ लिहिलं आणि पुढं कंसात मीटर असं लिहिलं.

विश्रामबाग_ईएनटीसी
दादा त्या डबीच्या आतला फोटो टाका ना, आणि बीसी५४७ चे पाय कसे जोडलेत ते जवळनं. मला अशीच डबी करायचीय.

बागायत_तासगाव
टाकतो संध्याकाळी. आत्ता औषध फवारणी चाललीय. चपटी बाजू आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावीकडनं कलेक्टर, बेस, एमिटर.